केळीच्या चिकाची शाई

आईनं दारातच अंगठा वर करून दाखवला आणि मी ओळखलं, काहीतरी झालंय. अजून ती एक अक्षर बोललीसुद्धा नव्हती. गावाहून, सावद्याच्या एसटीतून उतरून, भर एप्रिलच्या उन्हात, जळगाव स्टँडपासून आमच्या दोन खोल्यांपर्यंत ती पायी आली होती. काखेत पिशवी, डोक्यावर पदर, आणि उजव्या हाताचा अंगठा बाकीच्या बोटांपासून वेगळा धरलेला. निळा. शिक्क्याच्या पॅडची निळी शाई मी लांबून ओळखतो, माझा धंदाच तो. "हे पाह्य," ती म्हणाली, "धुतला नाही म्या. तुले दाखवासाठी ठेवला. भाकर बी डाव्या हातानं खाल्ली." माझी बायको लता पाण्याचा तांब्या घेऊन आली, आईनं तो डाव्या हातानंच घेतला, घटाघटा प्याली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "जिंकला तू केस. बठ्ठी गल्ली उभी केली म्या तुह्यासाठी."

मी घाबरट माणूस आहे. लपवण्यात अर्थ नाही. पोस्टमन दारात उभा राहिला तरी मला वाटतं, झालं, आलं काहीतरी. पण त्या दिवशी जे वाटलं ते वेगळंच होतं. तिचा चेहरा आनंदानं नुसता फुललेला, आणि मी तिच्या अंगठ्याकडे बघत तसाच उभा. कुणाला खरं वाटणार? लतासुद्धा माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, असं काय करताय? आल्यात त्या एवढ्या लांबून."

आईनं सगळं सांगितलं. गावी जीपगाडीतून दोन माणसं आली. पांढरे कपडे, गोड बोलणं. तिलाच आई म्हणत दोघं ओट्यावर बसले, चहा प्याले. ही आमची वस्ती, बुद्धविहाराच्या पुढची गल्ली, तिथं एरवी कोण पांढऱ्या कपड्यातला येऊन बसतो? त्यांनी विचारलं, आई, केळीचा डाग कपड्यावरून जातो का हो? आई केळीला केयी म्हणते. ती म्हणाली, केयीचा डाग? कपडा फाटंल, डाग नाही जात. ते म्हणाले, हे तुम्हाला किती वर्षांपासून माहीत आहे? ती म्हणाली, माह्या आईले बी मालूम होतं. मग ते म्हणाले, तुमच्या मुलानं हेच सरकारला सांगितलंय, आणखी कुणी सांगेल का? बस्स. आईला वाटलं, आपल्या पोराला कुणीतरी खोटं पाडतंय आणि हे साक्षीदार शोधतायत. गावात दुसरं काय बघितलंय तिनं? बांध कोरला, विहिरीवर भांडण झालं, कुणी कुणाला मारलं, त्यात ज्याच्या बाजूनं जास्त माणसं बोलली तो खरा. म्हणून ती चपला न घालता पळाली. कमलबाईला बोलावलं, सुमनबाईला बोलावलं, नथ्थूमामाला खाटेवरून उठवलं. सगळ्यांनी सांगितलं, केळीचा डाग जात नाही, आम्हा सगळ्यांना माहीत आहे, पूर्वीपासून माहीत आहे. सगळ्यांनी अंगठे दिले. "मी पयली," आई म्हणाली.

मी कॉटवर बसलो. ती माणसं माझी नव्हती. ती माझ्या शाईच्या पेटंटला हरकत घेणाऱ्या कंपनीची होती.

आता हे तिला कसं सांगायचं? मला तरी ते समजायला गुलाबभाऊ लागले होते. गुलाबभाऊ वसतिगृहात माझ्यापुढच्या वर्गात होते, आता धुळ्याला वकिली करतात. सगळी वकिली जमिनीची आणि वाटणीची, पण माझ्यासाठी पेटंटचा कायदा विकत आणून वाचला बिचाऱ्यांनी. मी जळगावच्या एमआयडीसीत शिक्क्यांची शाई बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात केमिस्ट आहे. मोठ्या ऑफिसांतून पाकिटांवर तिकिटं चिकटवत बसत नाहीत, मशीन असतं. पाकीट सरकवलं की लाल रंगात पोस्टाचा छाप उमटतो, तारीख, रक्कम, सगळं. तो छाप लोक औषधानं पुसतात, आकडे बदलतात. शिवाय आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती शाई अशी पसरते की पाकिटाला पान खाऊन कुणी थुंकल्यासारखं दिसतं. मी केळीच्या चिकाची शाई केली. पुसली जात नाही, फाकत नाही. कागद फाटेल, छाप राहील. मालकांनी अर्ज केला, त्यात शोध लावणारा म्हणून माझं नाव. पितांबर उखर्डू सुरवाडे. गॅझेटात ते छापून आलं तेव्हा मी ते पान घरी आणलं आणि कुठं ठेवावं ते कळेना, शेवटी बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवलं. आणि मग दुसऱ्या एका शाईच्या कंपनीची हरकत आली. गुलाबभाऊंनी सांगितलं, "हे बघ पितांबर, ते असं म्हणत नाहीत की तू चोरलंस. ते म्हणतात, यात विशेष काही नाही. हे उघड आहे. धंद्यातल्या कुणालाही सहज सुचलं असतं, आणि सहज सुचण्यासारखं असेल तर पेटंट नाही." चोर म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. पण हे? तू जे केलंस ते कुणीही केलं असतं. म्हणजे मी नसतो तरी चाललं असतं. तेव्हापासून तो एक शब्द माझ्या मागे लागला. भाजी घेताना, दाढी करताना. उघड आहे. आरशात बघितलं तरी वाटायचं, हे तोंडसुद्धा उघडच आहे, काळंसावळं, केळीच्या बागेतलं, यात काय विशेष?

आणि आता आईनं स्वतःच्या हातानं, गल्ली गोळा करून, चहा पाजून, तेच लिहून दिलं होतं. आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

गुलाबभाऊंना फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मावशीला घेऊन धुळ्याला ये. एक मार्ग आहे." मार्ग असा होता की आईनं दुसरा कागद करून द्यायचा. मी निरक्षर शेतमजूर आहे, मला शाई, रसायन यातलं काही कळत नाही, पहिल्या कागदातला मजकूर मला समजला नव्हता, मला जे माहीत आहे ते फक्त धुण्यापुरतं. "बाकीच्यांचं बघू," गुलाबभाऊ म्हणाले, "पण पोराची आईच सांगते म्हटल्यावर त्यांचा जोर तिच्यावर आहे. ती अडाणी ठरली की ते बसले." मी म्हटलं, ठीक आहे. फोन ठेवला आणि उगाच दारापर्यंत जाऊन परत आलो. कारण भाऊंनी पुढं हेही सांगितलं होतं की निरक्षर माणसाचा कागद नोटरी मोठ्यानं वाचून दाखवतो. त्याच्या भाषेत. समजलं का विचारतो. तेव्हाच अंगठा घेतो.

एसटीत आईला खिडकीजवळ बसवलं. ती खूश होती. धुळ्याला माझी बहीण भागा राहते, परत येताना तिच्याकडे जायचं ठरलं होतं. आईनं पिशवीत तिच्यासाठी केळीचे वेफर घेतलेले, पुन्हा पुन्हा चाचपत होती. मी तिला एवढंच सांगितलं होतं की आणखी एक सही लागते. "देऊ की," ती म्हणाली, "दोन अंगठे हायत." ती हसली, मीही हसलो, आणि हसताना मला भीती वाटत होती. भीती आईची नव्हती. तो मजकूर मोठ्यानं वाचला जाईल याची होती. मी निरक्षर, मला काही कळत नाही. हे तिच्या तोंडावर कुणीतरी खणखणीत आवाजात वाचणार, आणि ती माझ्याकडे बघणार. बघितलं नाही तर? तर आणखी वाईट. शाळेत मास्तरांनी एकदा मला उभं केलं होतं. खांद्यावर काळेतपकिरी डाग असलेला सदरा, घडांखालून फिरल्यावर ठिबकतो तो चीक, पहिल्यांदा पाण्यासारखा दिसतो, मग वारा लागला की काळा पडतो. मास्तर म्हणाले, "काय रे, आई धूत नाही का सदरा?" वर्ग हसला. सगळ्यांना माहीत होतं की तो डाग धुण्यानं जात नाही. मास्तरांनाही. ते सावद्याचेच. त्यांना फक्त सगळ्यांना दाखवायचं होतं की मी कुणाच्या घरचा. आईनं तो सदरा रॉकेलनं घासला, चुन्यानं घासला, दगडावर आपटला, आणि शेवटी हात टेकले. "राहू दे," म्हणाली, "शाया सोडू नको, सदरा सोड." मी शाळा सोडली नाही. शिकलो, बी.एस्सी. झालो, पांढरा सदरा घालायला लागलो आणि आयुष्यभर खांद्याकडे बघत राहिलो. कुठंतरी डोक्यात असणारच की जे जात नाही त्याचं काहीतरी करायचं. पण नुसता न जाणारा डाग म्हणजे शाई नव्हे, हे त्या जीपवाल्यांना काय कळणार? चीक बाटलीत ठेवला की काळा पडतो. लाल रंगात घातला की रंग मरतो. त्याला थांबवून ठेवायचं, कागदाला टेकेपर्यंत काळा पडू द्यायचा नाही, आणि टेकल्यावर मात्र रंगाला असं धरून ठेवायला लावायचं की सुटणार नाही. हे थांबवणं माझं होतं. त्यात माझी किती वर्षं गेली, किती बाटल्या मालकांनी शिव्या देत ओतायला लावल्या. शेवटी एक आंबट क्षार सापडला. तो घातला आणि चीक थांबला. त्या दिवशी मी कारखान्याच्या मागे जाऊन एकटाच रडलो होतो. हे कुणाला सुचलं असतं? सांगा ना. कुणाला?

एरंडोलला गाडी थांबली. खिडकीशी एक बाई टोपलीत चिंचेचे गोळे घेऊन आली, मीठ लावलेले. आईनं एक घेतला. उन्हानं तोंड कोरडं पडलं होतं तिचं. चिमूटभर तोडून तोंडात टाकला, डोळे बारीक केले, जिभेनं टक्क आवाज काढला आणि उरलेला गोळा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. "लई आंबट," म्हणाली. बस्स, एवढंच. आणि मला एकदम आठवलं.

लोटी. पितळेची, कडेला चेपलेली. मी शाळेतही जात नव्हतो तेव्हा. बागेत सावलीत उकिडवा बसलेलो, दोन्ही हातांत ती लोटी धरून, आणि आई घड उतरवतेय, फण्या सोडवतेय, आणि दर थोड्या वेळानं विळा माझ्यासमोर आणून लोटीत बुडवतेय. चिंचेचं पाणी. विळ्याला चीक धरू नये, काळा चिकट थर बसू नये म्हणून. "सांडू नको रे," ती ओरडायची, "सांडलं तं विया अडकंल." मी सांडत नव्हतो. लोटीतल्या पाण्यात चीक मिसळत जायचा आणि ते पाणी तसंच राहायचं, काळं पडायचं नाही, दिवसभर नाही. मी बघत बसायचो. दुसरं होतं काय बघायला? आणि हे मला आजपर्यंत आठवलं नव्हतं. देवाशपथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण खरंच सांगतो, आठवलं नव्हतं. आंबट क्षार मी पुस्तकातून शोधला, एकेक करून, बाटलीमागून बाटली. पण शोधत होतो आंबटच का? सगळी कपाटं सोडून त्याच कपाटाशी का जात होतो? मी आईकडे बघितलं. ती जीभ टाळ्याला लावून चिंच चोखत होती, बाहेर पारोळ्याकडची, कापसाची पऱ्हाटी उपटलेली रानं मागे जात होती. कंपनीच्या माणसांनी फक्त डागाचं विचारलं होतं. लोटीचं विचारलं नव्हतं. ते त्यांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं मला, आत्ता, आणि तिला. आणि कमलबाईला, सुमनबाईला, बागेत गेलेल्या प्रत्येक बाईला. आईनं धुळ्यात नुसतं तोंड उघडलं की संपलं. आधी भीती होती की ती मजकूर ऐकेल. आता भीती ही की ती काही बोलेल. मला स्वतःची लाज वाटली. सख्ख्या आईनं गप्प बसावं म्हणून मी एसटीत मनातल्या मनात हात जोडत होतो.

धुळ्याला कोर्टाच्या आवारात लिंबाखाली नोटरीचं टेबल. नोटरी म्हातारे, सगळे त्यांना आबा म्हणत होते. जाड भिंगाचा चष्मा, पुढ्यात पॅड, शिक्के, पाण्याची बाटली. गुलाबभाऊंनी आईच्या पायाला हात लावला, "मावशी, बरं आहे ना?" आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "चेहरा नीट कर. पोलिसात आल्यासारखा उभा आहेस." मी चेहरा नीट केला. आमच्या आधी शिंदखेड्याच्या कुणा भावांचा वाटणीचा कागद चालला होता, तो संपेना. आई बाकावर बसली, पिशवी मांडीवर. पिशवीतून तिनं चिंचेची पुडी काढली. मी म्हटलं, "माय, नको खाऊ आता, घसा धरंल." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुले काय झालं रे? सकायपासून पाह्यते." काही नाही म्हटलं. तिनं पुडी हातात तशीच धरून ठेवली.

मग आबांनी नाव पुकारलं. झुंबरबाई उखर्डू सुरवाडे. ती उठून टेबलाशी गेली आणि विहारात वंदनेला उभी राहते तशी हात जोडून उभी राहिली. आबा वाचायला लागले. आवाज म्हाताऱ्याचा, पण काय खणखणीत. बाजूच्या टेबलावरची माणसंही वळून बघायला लागली. "मी खाली अंगठा करणार, निरक्षर, धंदा शेतमजुरी..." आईनं मान हलवली. "मला शाई, रसायन अथवा त्यासंबंधी कोणतंही ज्ञान नाही." मान हलवली. "पूर्वी दिलेल्या कागदातला मजकूर मला समजला नव्हता." इथं ती थोडी थांबली, मग मान हलवली. तिला वाटलं असेल, माझं पोरगं उभं आहे, त्यानं लिहिलंय, बरोबरच असणार. मी ओळी मोजत होतो. एक ओळ राहिली होती. लवकर वाचा हो आबा. "केळीच्या चिकाबाबत मला डाग पडतो यापलीकडे काहीही माहिती नाही. काय बाई, समजलं ना? बरोबर आहे?"

"थांबा," आई म्हणाली.

गुलाबभाऊ पुढं सरकले. मी जागचा हललो नाही, हलता आलं नाही.

"बाकी बठ्ठं लिव्हा," ती म्हणाली, "अडानी लिव्हा, मजूर लिव्हा, खोटं काय त्याच्यात? पन काहीच मालूम नाही असं कसं? चिंचेच्या पान्यात विया बुडवला तं चीक काया पडत नाही, हे तं मालूम हाय ना मले." आणि हातातली पुडी तिनं आबांना दाखवली, माझ्याकडे वळली, आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "याच्याच तं हातात राहे लोटी! एवढुसा होता. दिवसभर बसे, पन एक थेंब सांडे नाही. येते का याद तुले?"

आबांनी चष्म्यावरून बघितलं. "हे काय आता? हे लिहायचं का?"

"नाही आबा," गुलाबभाऊ घाईघाईनं म्हणाले, "म्हातारं माणूस आहे, जुन्या गोष्टी निघतात, तुम्ही अंगठा घ्या." आणि बोलता बोलता ते थांबले. केमिस्ट नसले तरी माझी फाइल त्यांना पाठ होती. चिंच, आंबट क्षार. त्यांनी हळूहळू माझ्याकडे मान वळवली आणि मला कळलं की त्यांना कळलं. त्यांनी डोळ्यांनीच मला खुणावलं. गप्प राहा.

गप्प राहायचं तर सोपं होतं. मी आयुष्यभर तेच केलंय. आई अजून माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत. याद येते का? नाही म्हटलं तर लिंबाखाली उभ्या राहिलेल्या या बाईच्या एवढ्या मोठ्या जन्मातली ती एक दुपार कुणाच्याच नावावर राहणार नव्हती. हो म्हटलं तर गॅझेटातलं ते पान फोटोमागेच राहणार. मालक काय म्हणतील, नोकरी राहील का, लताला काय सांगू, सगळं एकदम अंगावर आलं. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"येते," मी म्हटलं. "सांडू नको म्हणून ओरडायचीस." मग आबांना म्हटलं, "लिहा."

"पितांबर," गुलाबभाऊ म्हणाले.

"लिहा आबा. ती सांगते तसं लिहा."

गुलाबभाऊंनी रुमाल काढला, मान पुसली आणि बाकावर जाऊन बसले. आबांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं, मोठ्यानं वाचलं, आईनं प्रत्येक शब्दाला मान हलवली. लोटी शब्द आला तेव्हा ती हसली. मग तिनं अंगठा पुढं केला. पॅडवर दाबला, कागदावर दाबला, उचलून बघितला. विळ्याची जुनी खूण अंगठ्यावर आडवी होती, तिथं शाई लागली नव्हती. आम्ही बाजूला झालो. तिनं अंगठा पदराच्या टोकाला पुसला. एकदा, दोनदा. निळं निघून गेलं. तिनं उन्हात धरून बघितला, पुन्हा एकदा पुसला, आणि नाराज होऊन म्हणाली,

"जाते रे ही. तुह्यी शाई आनायची ना."